उलटा डोंगर

गेल्या अंकांतील आमचा तीर्थयात्रेवरील मजकूर वाचून एका वाचक-भगिनीनें पत्रानें पुसलें आहे कीं, साठी उलटल्यावर माणसानें डोंगर चढावे कीं नाहीं? प्रश्न सरळ आहे. पण त्याचें उत्तर देण्याचा आमचा अधिकार बेताचाच. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आणि वर्षांतून एकदां सिंहगड, एवढीच आमची चढाई. उतरण्याविषयीं मात्र सांगण्यासारखें थोडें आहे. त्यांत आमची फजिती असल्यामुळें तें आजवर या पानावर आलें नव्हतें. परंतु घरांतील लहानथोरांना जें तोंडपाठ झालें आहे, तें वाचकांपासून झांकून ठेवण्यांत कांहीं हंशील नाहीं.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढचें शिक्षण पाठशाळेंत, शास्त्रीबोवांच्या पायाशीं बसून झालें. ३६ वर्षें शाळेंत संस्कृत शिकवलें, आणि भूगोलाचे शिक्षक रजेवर गेले म्हणजे भूगोलहि शिकवला. नदीनें खोल कोरून काढलेल्या अरुंद दरीला घळई म्हणतात, असें सांगून आम्ही फळ्यावर खडूनें इंग्रजी ‘व्ही’ अक्षर काढीत असूं आणि खालीं उदाहरण लिहीत असूं : अमेरिकेंतील कोलोरॅडो नदीची ग्रँड कॅन्यन, लांबी २७७ मैल, खोली सुमारें एक मैल. मुलें तें उतरून घेत. ‘एक मैल खोल’ हे शब्द मुलांनीं न चावतां गिळले आणि आम्हींहि. एक मैल आडवा चालणें आणि एक मैल उभा उतरणें यांत काय अंतर आहे, हें त्या खडूला कुठलें कळायला?

तें कळण्याचा योग २०१८ च्या नोव्हेंबरांत आला. आमचे चिरंजीव अॅरिझोना संस्थानांत फिनिक्स शहरीं नोकरीला आहेत. आमच्या एकसष्टीच्या निमित्तानें त्यांनीं आम्हां उभयतांस तिकडे बोलावलें आणि घळईच्या तळाशीं नदीकांठीं असलेल्या फँटम रँच या विश्रामस्थानांत एका रात्रीच्या तीन जागा वर्षाहून अधिक आधीं राखून ठेवल्या. चिरंजीव, सूनबाई आणि आम्ही. सौ. आणि नातू यांनीं कांठावरच्या उतारुगृहांत रहायचें, असा बेत. एका दिवसांत नदीपर्यंत उतरून परत चढण्याचा प्रयत्न करूं नये, अशी तेथील अधिकाऱ्यांची स्पष्ट सूचना असते. म्हणून हा मुक्काम.

आतां फजितीचें मूळ. आमचा डावा गुडघा त्याच्या आदल्या पावसाळ्यापासून दुखत होता. चढतांना नव्हे, उतरतांना. वाड्याचा जिना उतरतांना आम्ही कठड्याला धरून एक एक पायरी घेत असूं. डॉक्टरांनीं उतार टाळण्यास सांगितलें होतें. हें सौ.ला ठाऊक होतें, चिरंजिवांना नव्हतें. निघण्याच्या आदल्या रात्रीं ती म्हणाली, "गुडघ्याचं मुलाला सांगितलंत का?" आम्ही म्हणालों, "सांगतों." व्याकरणांत याला वर्तमानकाळ म्हणतात, घरांत मात्र याचा अर्थ ‘सांगणार नाहीं’ असा होतो, हें ती चाळीस वर्षांत शिकली होती. मुलानें एवढी तजवीज केलेली, आणि आपण शेवटच्या घटकेला दुखण्याचें गाऱ्हाणें काढावें, हें आम्हांस प्रशस्त वाटेना. खरें सांगायचें तर, आम्हांस तो तळ पाहायचा होता. दुसरें कांहीं नाहीं.

त्याच संध्याकाळीं याकी पॉइंट नांवाच्या टोंकावरून आम्हीं ती घळई प्रथम पाहिली. फळ्यावरचा ‘व्ही’ तेथल्या तेथें पुसला गेला. ती दरी नव्हेच. जमिनींत खालीं खालीं बांधत नेलेला प्रचंड घाट आहे. चुनखडीचे व वालुकाश्माचे कठीण थर उभ्या कड्यांसारखे राहतात, मधले मऊ शेलचे थर झिजून उतरण होतात. कडा, उतरण, पुन्हा कडा. मध्यें मध्यें सुटे राहिलेले डोंगर देवळांच्या शिखरांसारखे दिसतात. आणि नांवें तरी काय! विष्णु टेंपल, शिव टेंपल, ब्रह्मा टेंपल. क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञानें या प्रदेशावर १८८२ मध्यें मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला तीं शिखरें पूर्वेकडील देवालयांसारखीं भासलीं, आणि त्यानें तशीं नांवें देण्याचा पायंडा पाडला. पुढें दुसऱ्यांनीं मनु, राम, कृष्ण, बुद्ध यांचीहि भर घातली. पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या बाजूला, जेथें जन्मांत कोणी अभिषेक केला नाहीं तेथें, विष्णूचें देऊळ मावळत्या उन्हांत तांबडें झालेलें पाहून आम्हीं नकळत हात जोडले. नातू हंसला. हंसूं द्या.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही साउथ कैबाब नांवाच्या वाटेच्या तोंडाशीं उभे राहिलों. उंची समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून अधिक. गवतावर दहींवर गोठलेलें. कैबाब हा तेथील पायूट लोकांचा शब्द. अर्थ, आडवा पडलेला डोंगर. खालीं नदी ४,७०० फुटांहून अधिक खोल, म्हणजे दोन सिंहगड एकावर एक रचून तरी पुरते न पुरते. आणि वाट सात मैलांच्या वर. या सबंध वाटेवर पाण्याचा थेंब नाहीं. वाटेच्या आरंभीं पाट्या आहेत. उतरणें ऐच्छिक आहे, चढणें सक्तीचें, अशा अर्थाचें वाक्य तेथील रेंजर सर्वांना ऐकवतात. दरवर्षी अडीचशेंहून अधिक माणसें या घळईंतून सोडवून आणावीं लागतात. तीं सारीं म्हातारीं आणि अशक्त असतात असेंहि नाहीं. २००४ च्या जुलैंत मॅरेथॉन धांवणारी २४ वर्षांची एक मुलगी पुरेसें पाणी जवळ न घेतल्यामुळें या घळईंत दगावली.

याचें कारण उघड आहे, पण पायाखालीं आल्याशिवाय तें उमजत नाहीं. सिंहगडावर माणूस आधीं चढतो. थकला तर वळतो, आणि उताराची ओढच त्याला घरीं आणून सोडते. शरीर आपला हिशेब आधीं सांगतें, मग खर्च करूं देतें. घळई हा उलटा डोंगर. येथें आधीं उधळपट्टी, मग वसुली. सकाळीं अंगांत ताकद असतां, हवा थंड असतां, पाऊल आपोआप पुढें पडतें. आणि ज्या वेळीं पाय गळालेले, ऊन वर आलेलें, त्या वेळीं कडा समोर उभा. शिवाय खालीं खालीं हवा तापत जाते. उन्हाळ्यांत तळाशीं पारा चाळीस अंशांच्या वर असतो. आम्ही गेलों तो महिना त्या मानानें मेहेरबान होता.

पहिले वळसे कड्याला अगदीं चिकटून आहेत. वाट चारपांच हात रुंद, एका बाजूस भिंत, दुसऱ्या बाजूस कांहीं नाहीं. माती वाहून जाऊं नये म्हणून आडवे ओंडके रोवून पायऱ्या केल्या आहेत. पण सामान वाहणाऱ्या खेचरांच्या खुरांनीं ओंडक्यांमागची माती खोल खणली गेली आहे. त्यामुळें पायरी कोठें वीतभर, कोठें गुडघाभर. चिरंजिवांनीं आमच्या हातांत दोन काठ्या दिल्या. एक आम्हीं परत केली. दोन काठ्या घेऊन चालणें म्हणजे चतुष्पाद होणें, असें कांहींसें बोललोंहि. तो विनोद अर्धा मैलहि टिकला नाहीं.

दीड मैलावर सिडर रिज नांवाचें पठार लागतें. एव्हांना हजाराहून अधिक फूट उतरणें झालें होतें. येथें चिरंजीव थांबले आणि त्यांनीं सरळ आमच्याकडे पाहून विचारलें, "बाबा, कसं वाटतंय? परतायचं असेल तर इथूनच. पुढं अवघड आहे." गुडघ्यांत त्या वेळीं बारीक सुई टोंचल्यासारखें होत होतें. समोर ब्रह्मा टेंपलवर ऊन आलें होतें. आम्ही म्हणालों, "छे! अजून अंगांत ऊबहि आली नाहीं."

हें वाक्य आम्ही पुढें पुष्कळ वेळां आठवलें आहे.

तेवढ्यांत खालून खेचरांची माळ आली. त्यांना वाट द्यायची ती भिंतीच्या बाजूला उभें राहून, दरीच्या बाजूला कदापि नाहीं, आणि शेवटचें खेचर पुढें जाईपर्यंत हलायचें नाहीं. फँटम रँचला लागणारी सारी सामग्री हींच जनावरें रोज याच वाटेनें नेतात आणि तेथील कचरा व टपाल वर आणतात. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता कीं, तुम्ही हौसेनें उतरत आहां, आम्ही पोटासाठीं. तेव्हां कृपा करून बाजूला व्हा.

तीन मैलांवर स्केलेटन पॉइंट. तेथून नदी प्रथम दिसली : तळाशीं पडलेला हिरवा दोरा. आणि तेथूनच लाल भिंतीचा उतार सुरू झाला. रेडवॉल या थराचा दगड मुळांत करडा आहे. वरच्या थरांतील लोखंडाचा गंज पावसानें ओघळून तो लाल दिसतो. पाहणाराला तें रम्य. उतरणाराला तो पांचशें फुटांचा कडा, आणि त्यांतून खोदलेल्या नागमोडी वळशांशिवाय गत्यंतर नाहीं. येथें आमच्या गुडघ्यानें आमच्याशीं असहकार पुकारला. प्रत्येक पायरीला वाटीखालीं कळ निघे. आम्ही आधीं आडवे उतरलों; मग चिरंजीव वळणाआड गेले म्हणजे, भिंतीला हात लावून, उलटे उतरूं लागलों, शिडीवरून उतरावें तसे.

सूनबाई आमच्या मागें होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण टिपऑफ नांवाच्या ठिकाणीं, साडेचार मैलांवर, पोंचलों तेव्हां त्यांनीं पिशवी खालीं ठेवली, आमच्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, गुडघा कधीपासून दुखतोय?" ‘दुखतोय का’ असें नव्हे. ‘कधीपासून.’ असल्या प्रश्नाला खोटें उत्तर देतां येत नाहीं. आम्हीं पावसाळ्याचें सांगितलें, डॉक्टरांचें सांगितलें.

चिरंजीव ऐकत होते. त्यांचा आवाज चढला नाहीं. "सिडर रिजवर मी काय विचारलं होतं?" एवढेंच ते म्हणाले. त्या वाक्याचा सूर आम्हांस ओळखीचा वाटला. ३६ वर्षें वर्गांत आम्हीं तो स्वतः वापरला होता.

टिपऑफला संकटकाळासाठीं टेलिफोन आहे. त्याच्याकडे चिरंजिवांनीं दोनदां पाहिलें. मदत मागितली तर ती येते. पण ती माणसें स्वतः धोका पत्करून येतात, आणि त्याच वेळीं घळईंत कोणी खरोखर मरणाच्या दारीं असला तर त्याची पाळी लांबते. साडेचार मैल वर चढावें, तर थेंब पाणी नसलेली वाट आणि दुपार. खालीं नदीकांठ अडीच-तीन मैल. आम्ही म्हणालों, "खालीं जाऊं. हळूहळू जाऊं. आतां जें असेल तें सांगत जाईन." चिरंजिवांनीं आमची पिशवी स्वतःच्या पिशवीवर बांधली आणि दुसरी काठी न बोलतां आमच्या हातांत दिली. आम्हींहि न बोलतां ती घेतली.

येथें खाण्यापिण्याविषयीं थोडें, कारण गृहिणी-वाचकांना तें उपयोगी पडेल. कोरड्या हवेंत घाम येतो न येतो तोंच वाळतो, म्हणून तो आल्याचें कळत नाहीं. मनुष्य पाणी पीत सुटतो आणि खात कांहींच नाहीं. त्यानें रक्तांतील मीठ पातळ होऊन डोकें दुखतें, मळमळतें, बुद्धि भ्रमते. वेळीं प्राणावरहि बेततें. पाण्याइतकेंच महत्त्व खारट खाण्याला आहे. तेथील लोक त्यासाठीं खारवलेल्या बिस्किटांचे पुडे बाळगतात. आमच्या सूनबाईंनीं थालीपिठें, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचें मुरलेलें लोणचें घेतलें होतें, शिवाय साखर-मिठाचें पाणी. दर तासाला लोणच्याची एक फोड. वाटेंत एक गोरा तरुण पोटऱ्यांना गोळे येऊन बसला होता. त्याला सूनबाईंनीं पाणी, थालीपिठाचा तुकडा आणि त्यावर फोड दिली. त्यानें डोळे मिटून तें कसेंबसें गिळलें, आणि थोड्या वेळानें दुसरी मागितली.

चार वाजतां आम्ही पुलाशीं आलों. खडकांतून खोदलेल्या लहानशा बोगद्यांतून बाहेर पडतां क्षणीं पायाखालीं पूल आणि त्याखालीं नदी. हा झुलता पूल १९२८ सालचा. त्याचें बहुतेक सामान खेचरांवरून आलें. पण प्रत्येकीं सुमारें एक टन वजनाचे पोलादी दोर खेचरांना आणतां येईनात. ते ४२ हवासुपाई पुरुषांनीं एका ओळीनें खांद्यावर घेऊन या वाटेनें चालत खालीं आणले. शिखर शिंगणापुराला चैत्रांत मुंगी घाटानें कावडी चढवतात, त्या वेळची माणसांची सांखळी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना याची कल्पना येईल. फरक एवढाच कीं, तेथें वर शंभुमहादेव असतो. येथें खालीं दुसऱ्यांचा पूल होता.

कोलोरॅडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ तांबडी. पूर्वी नदी नांवाप्रमाणें होती. १९६३ मध्यें वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले, तेव्हांपासून तिचा गाळ धरणांत बसतो आणि खालीं खोल डोहांतलें थंडगार, हिरवट पाणी येतें. पाऊस पडून ओढे गढूळ झाले म्हणजेच ती आपल्या नांवाला जागते. स्नान करण्याची आमची मनापासून इच्छा होती. परंतु ओढ विलक्षण आणि पाणी असें कीं घोटाभर उतरलों तरी हाडें कळवळलीं. तेथें पोहूं नये अशी ताकीद आहे, ती शहाणपणाची. आम्हीं मार्जन केलें, डोळ्यांना पाणी लावलें आणि ओल्या हातानें कांठच्या खडकाला स्पर्श केला.

तो खडक म्हणजे विष्णु शिस्ट. डटनच्या शिखरावरून पुढच्या शास्त्रज्ञांनीं तळाच्या या खडकाला विष्णूचें नांव दिलें. काळाभोर, चकाकणारा, आणि त्यांत गुलाबी ग्रॅनाइटच्या शिरा. वय सुमारें १७५ कोटि वर्षें. कांठावरचा कैबाब चुनखडक २७ कोटींचा. सकाळपासून आम्ही दीडशें कोटि वर्षें उतरलों होतों. संकल्प सोडतांना आपण कल्पाचा आणि मन्वंतराचा उच्चार करतों. एक मन्वंतर तीस कोटि वर्षांहून थोडें अधिक, एक कल्प ४३२ कोटि, आणि पंचांगाप्रमाणें चालू कल्पाचीं १९७ कोटि वर्षें सरलीं आहेत. आंकडे इतके जवळ येतात कीं, हें सारें आमच्या पूर्वजांना अगोदरच ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतों. त्यांनीं गणित केलें, दगड मोजले नाहींत. मात्र एवढे मोठे आंकडे ज्याच्या तोंडीं लहानपणापासून रुळले आहेत, त्याला त्या काळ्या दगडापुढें उभें राहतांना परकें वाटत नाहीं, हा आमचा अनुभव. आजवर जे शब्द केवळ पळीभर पाणी सोडण्यापुरते उच्चारले, त्यांना तेथें वजन आलें.

फँटम रँच म्हणजे ब्राइट एंजल नांवाच्या ओढ्याकांठचीं दगडी व लांकडी घरकुलें. मेरी कोल्टर या स्त्री-वास्तुशिल्पीनें त्यांचा आराखडा केला आणि १९२२ मध्यें तीं उघडलीं. नदीच्या गोट्यांनींच भिंती बांधल्यामुळें तीं जमिनींतून उगवल्यासारखीं दिसतात. पुरुषांची व स्त्रियांची निजण्याची सोय त्या वेळीं निराळी होती, दहा दहा बिछान्यांच्या दालनांत. जेवणाची घंटा झाली आणि सारे लांब मेजांवर एकत्र बसले. पंक्तीच म्हणा ना! शाकाहारी लोकांना राजम्याच्या उसळीसारखा एक पदार्थ मिळाला. तिखट बेताचें, पण गरम होता.

तेथील रेंजर-बाईंनीं आमचा गुडघा दाबून पाहिला. त्यांनीं विचारलें, चढतांना दुखतो का? आम्ही म्हणालों, फारसा नाहीं. (हें खरें होतें. चिरंजिवांनीं सौ.ला वर फोन लावून त्याची खात्री करून घेतली.) मग त्यांनीं सांगितलें : पहांटे पांचला निघा, ब्राइट एंजलच्या वाटेनें जा, ती लांब आहे, पण तिला पाणी आहे आणि उतार सौम्य आहे. बोलतां बोलतां चालतां येईल इतकीच गति ठेवा. दर तासाला दहा मिनिटें पाय छातीहून उंच ठेवून पडा.

रात्रीं आम्हीं पुण्यास दादांना कार्ड लिहिलें. भोजनगृहांत टपालाची चामड्याची पिशवी टांगलेली असते. तींतील पत्रें खेचरावरून वर जातात आणि तसा शिक्का त्यांच्यावर मारलेला असतो. शेजारीं बसून चिरंजीव चहा पीत होते. टिपऑफपासून ते आमच्याशीं कामापुरतेंच बोलत होते. आतां खालीं पाहून म्हणाले, "बाबा, तुम्हांला तिथं कांहीं झालं असतं, तर आईला वर जाऊन काय सांगणार होतों मी?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आम्हीं कार्डावर पत्ता घातला आणि टाकायला त्यांच्याकडे दिलें.

दुसरा दिवस सविस्तर सांगण्यासारखा नाहीं. तो फार लांब होता, एवढेंच. अंधारांत डोक्याला दिवे बांधून आम्हीं दुसरा पूल ओलांडला. त्याची जमीन जाळीची, म्हणून पायाखालून नदीचा घोष येतो, पण ती दिसत नाहीं. डेव्हिल्स कॉर्कस्क्रू, म्हणजे सैतानाचें बूच काढण्याचें स्क्रू, या नांवाचे वळसे उजाडतां उजाडतां चढलों. त्यावर एके ठिकाणीं सूनबाईंनीं आम्हांस एक सांधा दाखवला. खालीं काळा विष्णु-खडक, वर टॅपीट्स नांवाचा आडव्या थरांचा तांबूस वालुकाश्म. दोहोंमध्यें तळहात ठेवला तर तो दोन्ही खडकांना लागतो, आणि त्या तळहाताखालीं शंभर कोटि वर्षांहून अधिक काळ नाहींसा झालेला आहे. त्या काळांत जें सांचलें तें सारें झिजून गेलें. पोथीचीं मधलीं पानें गहाळ व्हावींत तसें.

अकरा वाजतां झऱ्याकांठच्या हिरव्या जागीं आलों. कॉटनवुडचीं झाडें पिवळीं झालीं होतीं. त्या वेळीं त्या जागेचें नांव इंडियन गार्डन होतें. हवासुपाई लोक तेथें पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर त्यांना तेथून काढण्यांत आलें, आणि शेवटचा रहिवासी १९२८ मध्यें, म्हणजे त्यांच्या माणसांनीं दोर वाहिलेला पूल पुरा झाला त्याच वर्षी, बाहेर पडला. २०२२ मध्यें त्या जागेला हवासुपाई गार्डन्स हें नांव देण्यांत आलें. नांव परत मिळालें. जमीन उद्यानाकडेच आहे.

तेथून पुढचे साडेचार मैल आम्हांला पावलापावलानें आठवतात आणि एकंदरीनें मुळींच आठवत नाहींत. चालायचें पन्नास मिनिटें, पडायचें दहा. आम्ही रस्त्याच्या कडेला, पाय दगडावर, उताणे पडलेले. वरून उतरणारे तरुण आमच्याकडे पाहून हळूच वाट वांकडी करीत. "गुडघा?" असें सूनबाई विचारीत, आणि आम्ही खरें खरें सांगत असूं : आतां चार आणे, आतां सहा आणे. आठ आण्यांच्या वर तो गेला नाहीं. वरच्या धर्मशाळांतील पाणी हिवाळ्यासाठीं बंद केलेलें होतें, तें ठाऊक असल्यामुळें भरून घेतलेलें बरें झालें. पांच-सवापांचला सूर्य मावळला. पुन्हा दिवे लागले. शेवटचा दीड मैल चढायला अडीच तास लागले, आणि त्यांत चिरंजीव आमच्या पुढें एकाच पावलावर होते. मागें वळून पाहत नव्हते, पण आमची काठी वाजली नाहीं कीं थांबत होते.

सात वाजून गेल्यावर आम्ही कांठावर आलों. सौ. शाल घेऊन वाटेच्या तोंडाशीं उभी होती. केव्हांपासून, तें तिनें सांगितलें नाहीं आणि नातवानें सांगितलें : चार वाजल्यापासून. ती आम्हांला कांहीं बोलली नाहीं. सूनबाईंच्या हातांतली पिशवी तिनें घेतली आणि त्यांच्याच खांद्यावर शाल घातली.

जानेवारींत आम्ही पुण्यास परतलों. आमची खोली वाड्याच्या माडीवर. जिन्याशीं आलों, तर वहिनी म्हणाल्या, "वर कुठं निघालांत, भाऊजी?" आमचा बिछाना, पुस्तकांची पेटी, पळी-पंचपात्री, सारें ओटीशेजारच्या खोलींत आणून लावलेलें होतें. आमचें कार्ड देवघराच्या कोनाड्यांत उभें करून ठेवलें होतें. त्यावर आमच्या अक्षरांत, ‘सर्वांच्या प्रकृति उत्तम आहेत. काळजी नसावी.’ खालीं, पिशवींत टाकण्यापूर्वी, चिरंजिवांनीं बारीक अक्षरांत लिहिलें होतें : ‘बाबांचा डावा गुडघा. आल्यावर विचारावें, ते सांगणार नाहींत.’

सामान अद्याप खालींच आहे.